गुठळ्याही आणि रक्तस्रावही

जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये कित्येक दिवस पाणी साचले होते. अशा पाण्यातले, उंदरांच्या मूत्रातून आलेले लेप्टोस्पायरा जिवाणू पायाच्या जखमेतून शरीरात शिरू शकतात. संसर्ग विकोपाला जाऊन सेप्सिस झाला, तर बारीक रक्तवाहिन्यांत जागोजागी गुठळ्या होतात. त्यांत प्लेटलेट व रक्त गोठवणारी प्रथिने खर्ची पडली, की इतरत्र रक्तस्राव सुरू होतो.

हेपॅरिनसारखे गोठणरोधक औषध गुठळ्या रोखते, पण रक्तस्राव वाढवू शकते. सक्रिय प्रथिन-सी हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले; मृत्यू घटत नाहीत असे दिसल्यावर २०११ मध्ये मागे घेतले गेले. म्हणून मूळ संसर्गावर वेळीच प्रतिजैविके, हाच उपचाराचा पाया. साचलेल्या पाण्यातून चाललेल्या विद्यार्थ्याला पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप आला, तर आपण त्याला लगेच दवाखान्यात पाठवू या.