राजी होऊन निघण्याचा महिना

जबलपूरच्या जिल्हा न्यायालयात लोकअदालत भरली की आवारात एक शब्द सारखा कानावर येतो. "राजीनामा हो गया," म्हणत दोन भाऊ बाहेर पडतात, मागून दोन शेजारी, कधी एखादं रुसलेलं जोडपं. पुण्या-मुंबईहून नुकताच आलेला मराठी माणूस बुचकळ्यात पडतो. यांनी कसला राजीनामा दिला? कुणीच कशाचा दिलेला नसतो. हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोड, दोन्ही पक्ष राजी झाल्याचा कागद. नोकरी सोडण्याच्या कागदाला इथे इस्तीफा म्हणतात.

सातपुड्याच्या एका अंगाला जो शब्द भांडण मिटवतो, तोच दुसऱ्या अंगाला नोकरी सोडवतो! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच विचारात होतो. 'नामा' म्हणजे लेख, 'राजी' म्हणजे खूश, कबूल. कबुलीचा लेख. इस्तीफ्याची गोष्ट आणखी हळवी आहे. तो अरबी शब्द, आणि आपल्या 'माफ'चा सख्खा भाऊ. दोघांचं धातुमूळ एकच. इस्तीफा म्हणजे मला यातून मोकळं करा, माफी द्या, अशी विनंती. हिंदी माणूस नोकरी सोडताना माफी मागतो, मराठी माणूस संमतीचा लेख देतो.

मराठी मुलखात हा राजीनामा जमिनीलाही जोडलेला होता. मुंबई इलाख्यातल्या रयतवारीत शेतकऱ्याला जमीन सोडायची असली की तो राजीनामा लिहून द्यायचा आणि जो नवा घेणार तो कबुलायत. १८७९च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ७४व्या कलमात याची मुदतही होती: जमीन कायमची सोडायची तर ३१ मार्चच्या आत मामलेदाराला लेखी कळवायचं, आणि ती सुटणार चालू वर्ष संपल्यावर. मधल्या काळात नांगर धरायला दुसरं कुणी शोधता यावं. विदर्भातला सालगडी गुढीपाडव्याला मालक बदलतो, खानदेशातला सालदार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. त्यांची नोटीस पंचांगातच असते, वेगळी द्यावी लागत नाही.

आता जबलपूरच्या बाजारात, बडा फुहाऱ्याकडे येऊ. समजा, कमानिया गेटजवळच्या एका साड्यांच्या दुकानात एक मुलगी चार वर्षं काम करते आहे. तिला मॉलमधल्या एका मोठ्या दुकानात नोकरी मिळाली. पगार जास्त, आठवड्याची सुट्टी ठरलेली. मालकाला ती भैयाजी म्हणते. त्यांना सांगायचं कसं आणि किती दिवस आधी?

बहुतेकांना उत्तर ठाऊक असतं: महिनाभर. पण महिनाच का? पंधरा दिवस का नाहीत, शंभर का नाहीत? याचं मूळ पगाराच्या तालात आहे. ज्या तालाने पगार मिळतो त्याच तालाने निरोप घ्यायचा, हा जुना दंडक. १९४६च्या स्थायी आदेशांच्या कायद्यासोबत कारखान्यांसाठी जे नमुना नियम आले, त्यांत तो स्पष्ट दिसतो: मासिक पगारावरच्या कायम कामगाराला एक महिना, इतरांना दोन आठवडे, आणि ही नोटीस मालक आणि कामगार दोघांनीही द्यायची. दुकानांचे कायदे राज्याराज्यांचे. जबलपूर आणि नागपूर १९५६पर्यंत एकाच प्रांतात होती, म्हणून दोन्हीकडच्या दुकानांना मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४७चा एकच कायदा लागू होता; पुढे मध्यप्रदेशाने १९५८मध्ये आपला केला. मुंबईच्या १९४८च्या कायद्याने मालकाला बांधलं होतं: वर्षभर कामावर असलेल्याला काढायचं तर तीस दिवसांची लेखी नोटीस, तीन महिन्यांहून जास्त पण वर्षाहून कमी झालेल्याला चौदा दिवसांची. दिल्लीच्या १९५४च्या कायद्याने तीन महिने झालेल्या नोकरालाही बांधलं: महिनाभर आधी लेखी कळवा, नाहीतर महिन्याचा पगार भरून मोकळे व्हा. आपल्या मुलीने आधी स्वतःचं नियुक्तिपत्र काढून किती दिवस लिहिलेत ते पाहावं, हे उत्तम.

जगात तर याचे किती रंग! जर्मनीत नोकरदाराने किमान चार आठवडे आधी कळवायचं, तेही अशा बेताने की नोकरी १५ तारखेला किंवा महिनाअखेरीला संपेल. आणि ते कागदावर सही करूनच, ई-मेल चालत नाही. ब्रिटनमध्ये महिनाभर काम झालेल्या नोकराला कायद्याने किमान एक आठवडा पुरतो. अमेरिकेत दोन आठवड्यांची रीत बरेच जण पाळतात, पण सबंध देशाला लागू असा तसा कायदा नाही.

पण या साध्या महिन्यामागे जे आहे ते कळल्यावर अंगावर काटा येतो. चौदाव्या शतकात प्लेगने इंग्लंडमध्ये इतकी माणसं मेली की कामाला हात मिळेनात. तेव्हा १३४९च्या फर्मानाने आणि १३५१च्या कायद्याने मुदतीआधी काम सोडून जाणाऱ्याला तुरुंग दाखवला. १५६३च्या कायद्याने नोकराला मालकाला तीन महिने आधी कळवायला लावलं, तेही साक्षीदारांसमोर. आपल्याकडे कलकत्त्यातल्या गोऱ्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने अर्ज केला आणि १८५९चा तेरावा कायदा आला. त्यानुसार उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला मॅजिस्ट्रेट परत कामावर धाडू शके किंवा पैसे भरायला लावू शके, आणि तेही न केल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मालकाने करार मोडला तर दिवाणी दावा, मजुराने मोडला तर कोठडी. इंग्लंडने आपल्या मजुरांवरची अशी फौजदारी १८७५मध्ये उठवली. आपल्याकडचा तो कायदा रद्द करणारा कायदा १९२५मध्ये झाला आणि तो १ एप्रिल १९२६ला अमलात आला. मध्ये पन्नास वर्षं गेली. म्हणजे "मी पुढच्या महिन्यापासून येणार नाही," हे वाक्य न घाबरता म्हणता येणं भारतातल्या मजुराच्या वाट्याला येऊन जेमतेम शंभर वर्षं झाली आहेत. घेतलेली उचल दुकानांत आजही चालते. निघताना तिचा हिशेब द्यावाच लागतो, पण तिच्यापायी कुणाला कोठडीत जावं लागत नाही.

आजचा कायदा तर उलट्या टोकाला उभा आहे. १९६३च्या विशिष्ट साहाय्य कायद्याप्रमाणे न्यायालय कुणालाही नोकरी करत राहण्याचा हुकूम देत नाही. माणसाच्या सेवेचा करार जबरीने अमलात आणता येत नाही. नोटीस न देता गेलं तर प्रश्न फार तर पैशांचा होतो. मात्र तो होतो, हेही खरं. कराराने ठरलेली रक्कम वाजवी असेल तर न्यायालय ती मान्य करू शकतं. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दल दोन लाख रुपये घेणारी विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये वैध ठरवली. आणि नोकरी सोडल्यानंतर अमुक दुकानात काम करायचं नाही, ही अट? १८७२च्या करार कायद्याच्या २७व्या कलमापुढे ती टिकत नाही. एखाद्या मालकाने आपल्या मुलीकडून समोरच्या दुकानात न जाण्याची अट लिहून घेतली असली, तरी तिला रस्ता ओलांडायचा हक्क आहे.

मग सक्तीने थांबवणारं कुणी नसताना लोक तो महिना का देतात? मला वाटतं, त्याचं उत्तर काउंटरवर आहे. चार वर्षांत त्या मुलीच्या डोक्यात काय साठलं असेल! कुठल्या घरच्या काकूंना गडद रंग चालत नाहीत, कोण आधी तीन हजारांची दाखवा म्हणते आणि आठ हजारांची घेऊन जाते, फॉल-पिकोला गेलेल्या साड्या कुणाकडे आहेत, कुणाची उधारी देवउठनी ग्यारशीपर्यंत येते आणि कुणाची मागावी लागते. वरच्या फळीवरच्या कुठल्या ठाणाला आतून डाग आहे. यातलं काहीच वहीत नाही. मायकेल पोलानी या विचारवंताने १९६६च्या पुस्तकात अशा ज्ञानावर लिहिलं: माणसाला जेवढं ठाऊक असतं, तेवढं त्याला सांगता येत नाही. ते फक्त शेजारी उभं राहून, हातांकडे पाहत शिकता येतं. नोटिशीचा महिना म्हणजे नव्या मुलीने त्या हातांकडे पाहण्याचा महिना. घरच्या म्हाताऱ्या माणसाने लोणच्याचं प्रमाण दाखवावं, तसंच हे.

म्हणून वेळ निवडण्यालाही अर्थ आहे. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई उसळते. बडा फुहाऱ्याच्या गल्ल्यांत तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवसांत सांगितलं तर शिकवायला वेळ नाही, शिकायलाही नाही. आणि कधी सांगायचं? बोहनीच्या आधी नाही, गिऱ्हाईक समोर असताना नाही. रात्री हिशेब झाला, शटर अर्धं खाली आलं की मग. नव्या दुकानाचं पत्र हातात पडल्यावरच, तोंडी आश्वासनावर नाही. आधी तोंडाने, मग कागदाने. कागदावर आजची तारीख, शेवटच्या दिवसाची तारीख, आणि आपल्याकडच्या प्रतीवर मिळाल्याची सही. चार ओळी पुरतात. कारणांचा पाढा वाचायची गरज नसते.

या कागदातली सगळ्यात नवलाची गोष्ट मला एका न्यायमूर्तींमुळे कळली. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी ७ मे १९७७ला राष्ट्रपतींना राजीनामा लिहिला, लागू होणार १ ऑगस्टपासून. १५ जुलैला त्यांनी तो मागे घेतला. आता ते न्यायमूर्ती राहिले की नाहीत? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८मध्ये निकाल लागला: राहिले. पुढच्या तारखेचा राजीनामा ती तारीख उजाडेपर्यंत पूर्ण होत नाही, तोवर तो मागे घेता येतो. साड्यांच्या दुकानात कराराचे शब्द वेगळे असू शकतात, नवा माणूस आलेला असू शकतो. तरी या निकालाने एक उघड झालं, की नोटिशीच्या दिवसांत माणूस गेलेला नसतो. तो अजून आतच असतो, पुरता आत.

आणि ते आत असणं पैशांत मोजलं जातं. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या दुकानाला ग्रॅच्युइटी लागू होते. कायम नोकराला साधारण पाच वर्षांनंतर ती मिळते. हिशेब असा, की महिन्याच्या मूळ पगाराला (महागाई भत्ता असेल तर तो धरून) २६ने भागायचं, १५ने गुणायचं, मग वर्षांनी. तेरा हजार पगार असेल तर दिवसाचे पाचशे, वर्षामागे साडेसात हजार, पाच वर्षांचे साडेसदतीस हजार. नोटिशीच्या महिन्यात काम केलं तर तो महिनाही सेवेत धरतात. चार वर्षं अकरा महिने झालेल्या मुलीला तो एकच महिना पाच वर्षांच्या उंबऱ्याशी नेऊन सोडतो. ज्या आस्थापनेत वीस किंवा अधिक माणसं आहेत तिथे भविष्य निर्वाह निधी असतो. त्यात नोकरी संपल्याची तारीख नोंदलेली लागते. मालकाने ती नोंदवली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती स्वतः नोंदवता येते, ही सोय २०२०पासून आहे. आणि २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झालेल्या वेतन संहितेत एक ओळ आहे जी प्रत्येक दुकानातल्या मुलीला पाठ असावी: राजीनामा दिलेल्याचाही थकलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. जुन्या, १९३६च्या कायद्यात दोन दिवसांची ही घाई मालकाने काढलेल्यासाठी होती. स्वतः निघणाऱ्याचा उल्लेख आता आला.

कमानिया गेट ओलांडताना मला सुभाषबाबूही आठवतात. ही कमान त्रिपुरी काँग्रेसच्या स्मरणार्थ उभी आहे. मार्च १९३९मध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला ते अधिवेशन भरलं तेव्हा अध्यक्ष सुभाषबाबू तापाने फणफणले होते. त्यानंतर साधारण सात आठवड्यांनी, २९ एप्रिलला, त्यांनी कलकत्त्यात अध्यक्षपद सोडलं. ते सात आठवडे पत्रव्यवहारात गेले, तडजोडीची वाट निघते का हे पाहण्यात गेले. निघाली नाही. तिथे राजीनामा झाला, पण जबलपुरी अर्थाने राजीनामा झाला नाही. दोन्ही अर्थ एका दिवशी जुळून येणं किती अवघड असतं!

आपल्या मुलीचा शेवटचा दिवस. सकाळी स्टॉक मोजून झाला, दोन साड्या जास्तच निघाल्या, कमी एकही नाही. चाव्या, ओळखपत्र, दुकानाचा एप्रन टेबलावर ठेवला. भैयाजींनी अनुभवाचं पत्र दिलं, तारखा बरोबर आहेत का हे तिने दोनदा वाचलं. उधारीची नावं तिने नव्या मुलीला एका चिठ्ठीवर लिहून दिली आहेत, पण नवी मुलगी चिठ्ठी पाहतच नाही. ती वरच्या फळीकडे हात करून विचारते, "दीदी, वो दागवाली कौन-सी थी?" आणि दीदी, पर्स खांद्यावर असतानाच, पुन्हा स्टुलावर चढते.