एकाच झाडाच्या लाखो प्रती: नागपुरी संत्र्याची वंशकथा

कळमन्याच्या बाजारात आंबिया बहाराची आवक वाढली की नागपुरात घरोघरी संत्र्यांच्या टोपल्या दिसू लागतात. फळ काटोलचे असो, नरखेडचे असो की वरुड-मोर्शीचे. सैल साल, सहज सुटणाऱ्या फोडी आणि आंबटगोड चव सगळीकडे जवळपास सारखीच. हे सारखेपण काही मातीमुळे आणि हवेमुळे आले, पण त्याचे मोठे कारण झाडाच्या जनुकांत आहे. आणि संत्रा बागाईतदारांनी ज्याची काळजी करावी, ते कारणही तेच आहे.

ऐंशी लाख वर्षांचा प्रवास

संत्रा मूळचा नागपूरचा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादहून त्याची झाडे आणवली, असे परंपरेने सांगितले जाते. इथे तो इतका रुजला की २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या पूर्वजांचे घर मात्र फार दूर, हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी होते.

लिंबूवर्गातील ६० झाडांच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना करणारा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पूर्व आसाम, उत्तर म्यानमार आणि चीनचा पश्चिम युन्नान या पट्ट्यात सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी या कुळाचा उगम झाला. त्याच काळातील लिंबूवर्गीय पानाचा जीवाश्म युन्नानमध्ये सापडला आहे. पुढे मान्सून क्षीण होऊन हवामान कोरडे होत गेले, तशी ही झाडे आशियाभर पसरली आणि त्यांच्या वेगवेगळ्या जाती झाल्या. एक शाखा सुमारे ४० लाख वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचली.

आज आपण खातो त्यांपैकी बहुतेक लिंबूवर्गीय फळे तीन मूळ घराण्यांच्या संकरातून आली आहेत: महाळुंग, पपनस आणि संत्रा. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे तेच हे महाळुंग. मोसंबी ही पपनस आणि संत्रा यांच्या मिश्रणातून झाली. कागदी लिंबात महाळुंगाचा अर्धा वाटा आहे. लागवडीतल्या बहुतेक संत्र्यांतही पपनसाच्या जनुकांचे तुकडे मिसळलेले आढळतात. विदर्भात संत्र्याचा डोळा ज्या जंबेरीच्या खुंटावर भरतात, ती जंबेरी म्हणजे महाळुंग आणि रानटी संत्रा यांचे अपत्य. म्हणजे बागेतल्या प्रत्येक झाडाला वरचा संत्रा खालच्या दूरच्या नातेवाइकाच्या मुळांवर जगतो.

वंशावळ आणि आरोग्य

ही वंशावळ डॉक्टरांच्याही कामाची आहे. पपनसाच्या घराण्यात फ्युरानोकुमारिन नावाची रसायने असतात. पपनसापासून झालेल्या ग्रेपफ्रूटमध्येही ती उतरली. आतड्यातील औषधे मोडणारे एक विकर ती बंद पाडतात. त्यामुळे कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण धोकादायक वाढू शकते. अशी औषधे चालू असतील, तर पपनस किंवा ग्रेपफ्रूट खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. संत्र्यात ही रसायने नगण्य असतात.

दुसरी गोष्ट ‘क’ जीवनसत्त्वाची. बहुतेक सस्तन प्राणी ते स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसाच्या पूर्वजांत मात्र त्यासाठी लागणारे जनुक सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी निकामी झाले. तेव्हापासून आपण फळा-भाज्यांवर अवलंबून आहोत. दोन संत्र्यांतून दिवसाच्या गरजेचा मोठा भाग भागतो.

सारखेपणाचा धोका

सर्वसाधारणपणे बीमध्ये आई आणि बाप दोघांची जनुके एकत्र येतात, म्हणून भावंडे सारखी नसतात. संत्र्याचे तसे नाही. त्याच्या एका बीत अनेक भ्रूण असतात आणि त्यांतले बहुतेक फक्त मातृवृक्षाच्या पेशींपासून तयार होतात. बी लावले, तरी बहुधा आईचीच हुबेहूब प्रत उगवते. यामागचे जनुक चिनी शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये शोधून काढले. त्यात भर कलमांची. डोळा भरून केलेले रोप तर प्रतच असते. कधीतरी एखाद्या फांदीत आपोआप बदल होतो, तेवढीच विविधता. त्यामुळे विदर्भातल्या लाखो झाडांना जनुकांच्या दृष्टीने जुळी भावंडे म्हटले तरी चालेल.

चवीची खात्री यामुळेच मिळते. पण साथीचा रोग आला, की हाच गुण घात करतो. माणसांच्या साथीत काही जण आजारी पडतात, काही तगतात. कारण प्रत्येकाची प्रतिकारशक्ती थोडी वेगळी असते. जुळ्या झाडांच्या बागेत एक झाड बळी पडणारे असेल, तर सगळीच तशी. विसाव्या शतकात ‘ट्रिस्टेझा’ विषाणूने ब्राझील आणि अर्जेंटिनात एकाच प्रकारच्या खुंटावरची लाखो झाडे मारली. या पोर्तुगीज शब्दाचा अर्थच दुःख. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २००५ मध्ये ‘ग्रीनिंग’ हा जिवाणूजन्य रोग सापडला आणि पुढच्या दोन दशकांत तिथले उत्पादन सुमारे नऊ दशांशाने घटले. सायला या किडीमार्फत पसरणारा हा रोग विदर्भातही आहे. लागण झालेले झाड पूर्ण बरे करील असा उपाय अजून हाती नाही. मुळे कुजवणारा आणि खोडातून डिंक वाहवणारा डिंक्या तर इथल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचाच.

औषध पूर्वजांच्या घरी

उपायाचे धागे जुन्या घराण्यांत सापडू लागले आहेत. ऑस्ट्रेलियात गेलेल्या त्या शाखेतील ‘फिंगर लाइम’ हे झाड ग्रीनिंगला बऱ्यापैकी तोंड देते. त्यातील एक छोटे प्रथिन रोगाच्या जिवाणूला मारते, असे कॅलिफोर्नियातील संशोधकांना आढळले आहे. आपल्याकडे मेघालयातील गारो टेकड्यांत, नोक्रेकच्या जंगलात, लिंबूवर्गीय जनुकांसाठी राखीव क्षेत्र आहे. ‘सिट्रस इंडिका’ हा रानटी संत्रा तिथे आजही उगवतो. गारो लोक त्याला ‘मेमांग नारंग’, म्हणजे भुताचे फळ म्हणतात. हे फळ बाजारात विकले जाणार नाही. पण उद्याच्या रोगाशी लढणारे जनुक अशाच झाडात असू शकते. ते जंगल तुटले, तर ते जनुक परत मिळणार नाही.

नागपुरातील केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था विविध वाण आणि खुंट जतन करते, तसेच रोगमुक्त रोपेही तयार करते. बागाईतदारांनी स्वस्त मिळाले म्हणून रस्त्याकडेचे रोप उचलू नये. मातृवृक्ष तपासलेल्या रोपवाटिकेतूनच कलम घ्यावे. डोळा जमिनीपासून वीतभर उंचीवर भरलेला असावा आणि लागवड करताना तो मातीत गाडू नये. डिंक्यापासून मोठा बचाव इथेच होतो. संपूर्ण बाग एकाच खुंटावर उभी करण्याआधी संस्थेचा सल्ला घ्यावा. आणि परसात जुने महाळुंग किंवा पपनस उभे असेल, तर फळाला गिऱ्हाईक नाही म्हणून त्यावर कुऱ्हाड चालवू नये. लिंबूवर्गाच्या तीन मूळ घराण्यांपैकी दोन तीच आहेत.