साठांतले चार

दोस्तांनो, बारावी झाली, कॉलेजात नाव लागलं, की विषय निवडायची कटकट एकदाची संपली, असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाही बरं का! महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाची पदवीची रचना स्वायत्त कॉलेजांत २०२३ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांत २०२४ पासून लागू झाली. तेव्हापासून मुख्य विषयाबरोबर ‘ओपन इलेक्टिव्ह’, म्हणजे खुला ऐच्छिक विषयही घ्यावा लागतो. अट अशी, की तो आपल्या विद्याशाखेबाहेरचा हवा. विज्ञानवाल्याने इतिहासात किंवा हिशेबात डोकवायचं, आणि कलाशाखेच्या मुलीला विज्ञानाचं दार उघडं!

पण हा रकाना भरायला बरेच जण पाच मिनिटंही देत नाहीत. ‘मार्क कशात मिळतात रे?’ ‘तू काय घेतलंस? मग मीही तेच!’ घरून सल्ला येतो, ‘मुख्य विषयाकडे लक्ष दे, बाकीचं काहीही घे.’

हा सल्ला देणाऱ्या आई-बाबांनीही पुढची हकिकत जरूर वाचावी.

१९१३ साली बावीस वर्षांचा एक मराठी तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. शाळेत त्याला संस्कृत शिकायचं होतं, पण अस्पृश्य म्हणून ते नाकारलं गेलं आणि फारशी घ्यावी लागली. आवडीचा विषय मागायचा आणि जातीमुळे तो मिळायचा नाही! (संस्कृत ते पुढे स्वतःच्या कष्टाने शिकलेच.) कोलंबियात मात्र कुठल्या वर्गात बसायचं, हे त्यांना जात विचारून कोणी ठरवणार नव्हतं.

हातात वेळ मात्र मोजका. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती तीन वर्षांची, आणि परतल्यावर संस्थानात दहा वर्षं नोकरी करण्याचा करार. अशा वेळी कोणीही शहाणा माणूस म्हणेल, अर्थशास्त्र एके अर्थशास्त्र करावं आणि पदवी घेऊन यावं. आंबेडकरांनी काय केलं? विद्यापीठातल्या नोंदींप्रमाणे त्यांनी अर्थशास्त्राचे २९ कोर्स घेतले. मुख्य विषयाची आबाळ मुळीच केली नाही. पण त्याशिवाय इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा एकेक. बेरीज करा पाहू. साठ!

आता त्या साठांतल्या चारांकडे बघा. मानववंशशास्त्र हा काही त्यांचा मुख्य विषय नव्हता. पण अलेक्झांडर गोल्डनवायझर या प्राध्यापकांच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. जातीबाहेर लग्न करायचं नाही, हा नियमच जातिव्यवस्थेचा कणा आहे, अशी त्याची मांडणी. पुढच्याच वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला. ज्या प्रश्नाने त्यांना लहानपणापासून छळलं, तो शास्त्रीय पद्धतीने तपासायची हत्यारं त्यांना या दुसऱ्या वर्गात मिळाली. आणि अर्थशास्त्र? तेही सुटलं नाही. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला.

म्हणून ‘कुठला विषय सोपा?’ याच्या आधी स्वतःला विचारा, ‘मला कशाचं कोडं पडलंय?’ गावातली विहीर मार्चमध्येच का आटते, जाहिरात बघून आपल्याला वस्तू घ्यावीशी का वाटते, आजीच्या बोलीतले शब्द पुस्तकात का नसतात, असं काहीही चालेल. त्या कोड्याच्या जवळपास जाणारा विषय यादीत आहे का ते पाहा.

नावावर मात्र जाऊ नका. भारदस्त नावाखाली नुसत्या व्याख्यांचं पाठांतर निघू शकतं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम असतो, तो उघडून धड्यांची नावं वाचा. गेल्या वर्षी तो विषय घेतलेल्या ताई-दादांना गाठून विचारा, की वर्गात प्रश्न विचारू देतात का, गुण परीक्षेवर किती आणि प्रकल्पावर किती? सोपा विषय घेणं हे काही पाप नाही हो. प्रात्यक्षिकांनी भरलेल्या सत्रात हलका विषय घेणं शहाणपणाचंच. पण प्रत्येक सत्रात तेच केलंत, तर ती जागा फुकट गेली म्हणायची.

थोडं गणितही करा. एक श्रेयांक म्हणजे साधारण १५ तास शिकवणं, म्हणजे दोन श्रेयांकांच्या विषयाला ३० तास. नावडत्या विषयात ते फार लांबतात! शिवाय तास सकाळी सातला आहे की संध्याकाळी, गावाकडची शेवटची एसटी त्यानंतर मिळते का, हेही आधीच बघून ठेवा. आणि हो, कॉलेजात यादीतले सगळेच विषय शिकवले जातात असं नाही, जागाही मोजक्या असतात. तेव्हा अर्ज भरायला जाताना दुसरी आणि तिसरी पसंतीही कागदावर लिहून न्या.