फोडून पाहणाऱ्यांचा मेळा

जुलै २०१७मध्ये लास वेगासच्या सीझर्स पॅलेस हॉटेलातल्या एका दालनात जुनी अमेरिकी मतदान यंत्रे टेबलांवर मांडली होती. आयोजकांनी ती ईबेवरून आणि सरकारी लिलावांतून विकत आणली होती. येणाऱ्याने ती खुशाल उघडावीत, लॅपटॉप जोडावा आणि काय सापडते ते पाहावे. दीड तास होतो न होतो तोच डेन्मार्कहून आलेले संशोधक कार्स्टन शुरमन ‘विनव्होट’ नावाच्या यंत्रात वाय-फायवरून शिरले. त्यांनी वापरलेली विंडोज एक्सपीमधली त्रुटी २००३पासून जगजाहीर होती. विनव्होट व्हर्जिनिया राज्याने २०१५मध्येच मोडीत काढले होते. आता त्या सप्टेंबरात, निवडणूक तोंडावर असताना, कागदी नोंद न ठेवणारी उरलेली यंत्रेही राज्याने बाद केली. किती वर्षे अहवाल लिहिले जात होते! पण यंत्र सगळ्यांसमोर उघडे पडले, तेव्हा हालचाल झाली.

ही घटना ‘डेफ कॉन’मधली. माहिती सुरक्षेच्या क्षेत्रात परिषदा उदंड आहेत, पण या मेळ्याची शिस्त मला सर्वांत मोलाची वाटते. इथे नुसते सांगून भागत नाही, करून दाखवावे लागते.

जेफ मॉस या तरुणाने १९९३मध्ये लास वेगासला पहिला मेळा भरवला तेव्हा शंभरेक माणसे जमली होती. आता ऑगस्टमध्ये तीस हजारांच्या आसपास येतात. रोख पैसे देऊन आत जाता येते आणि नाव विचारले जात नाही. गळ्यात मिळतो तो बिल्ला. कधी तो सर्किट बोर्ड असतो, २०१५मध्ये तर चक्क ग्रामोफोनची तबकडी होती, आणि त्यात दडवलेले कोडे सोडवण्यात काही जणांचे चारही दिवस जातात. सरकारी माणसेही येतात. २०१२मध्ये अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेचे प्रमुख जीन्स आणि टी-शर्टमध्ये व्यासपीठावर आले होते. पुढच्याच वर्षी एडवर्ड स्नोडेन यांनी एनएसएची पाळत उघडकीला आणल्यावर मॉस यांनी सरकारी मंडळींना या खेपेला न येण्याची विनंती केली.

खरी शाळा भरते ती ‘व्हिलेज’ म्हणवणाऱ्या दालनांत. एकीकडे कुलपे आणि हुकांचे संच पडलेले असतात. अनोळखी माणूस शेजारी बसून, आतली पिन खटकन वर गेली की बोटाला कसे जाणवते, ते शिकवतो. दुसरीकडे मोटारींची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा उघडी मांडलेली. भिंतीवरच्या ‘वॉल ऑफ शीप’वर मेळ्याच्या नेटवर्कवरून उघड्यावर गेलेले पासवर्ड अर्धवट झाकून झळकतात. आपले नाव तिथे दिसलेला माणूस कूटबद्ध जोडणीचे महत्त्व पुन्हा विसरेल असे मला वाटत नाही.

सर्वांत चुरशीची स्पर्धा ‘कॅप्चर द फ्लॅग’. प्रत्येक संघाला सारखेच प्रोग्रॅम चालवायला दिले जातात. त्यांत मुद्दाम पेरलेल्या त्रुटी असतात. आपली सेवा बंद पडू न देता त्या बुजवायच्या आणि त्याच त्रुटींतून दुसऱ्यांच्या यंत्रावरची गुप्त खूण पळवायची. नुसता बचाव करणारा हरतो, नुसता हल्ला करणाराही हरतो. बँकेत किंवा रुग्णालयात रात्रपाळीला बसणाऱ्या सुरक्षा अभियंत्याला याहून जवळची तालीम मिळणार नाही.

हे सगळे सुखासुखी चालत आलेले नाही. २००१मध्ये रशियाचे दिमित्री स्क्ल्यारोव यांनी इथे ई-पुस्तकांच्या संरक्षणातल्या उणिवा दाखवल्या आणि परत निघताना त्यांना अटक झाली. पुढे त्यांच्यावरचे आरोप मागे घेतले गेले आणि २००२च्या डिसेंबरात ज्युरीने त्यांच्या कंपनीलाही निर्दोष ठरवले. २००५मध्ये मॉस यांच्याच ‘ब्लॅक हॅट’ परिषदेत सिस्कोच्या राउटरवरचे मायकेल लिन यांचे भाषण थांबवण्यासाठी छापील पुस्तिकेतून पाने फाडली गेली. लिन यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि भाषण केलेच.

बोलण्याचीही एक रीत असते, हे चार्ली मिलर आणि ख्रिस वॅलासेक यांनी दाखवले. त्यांनी जीप चेरोकी मोबाइल नेटवर्कवरून ताब्यात घेतली होती, हमरस्त्यावर गाडीची चाल बंद पाडली होती. निर्मात्यांना त्यांनी कित्येक महिने आधी कळवले आणि दुरुस्ती तयार होऊ दिली. २०१५च्या जुलैत प्रात्यक्षिक गाजले, तेव्हा १४ लाख गाड्या परत बोलावाव्या लागल्या. तोपर्यंत दुरुस्ती तयार असूनही ती गाड्यांपर्यंत पोहोचवण्याची घाई कोणाला नव्हती.

आपल्याकडे सुरक्षेचे शिक्षण अजून बरेचसे स्लाइड आणि प्रमाणपत्रांवर चालते. प्रश्नपत्रिका सोडवून कुलूप उघडायला येत नाही, ते हातात घ्यावे लागते. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरायला मज्जाव करते. म्हणून मोडायला मुद्दाम ठेवलेली यंत्रे आणि ती मोडायची उघड परवानगी असलेल्या जागा इथे जास्तच हव्यात. तशी सुरुवात झालेली आहे. २०१०पासून गोव्यात ‘नलकॉन’ भरते. तिथे भाषणांच्या जोडीला कार्यशाळा असतात, स्पर्धा असतात. तिच्यामागच्या ‘नल’ या खुल्या समूहाच्या शाखा पुण्या-मुंबईतही आहेत. त्यांच्या बैठका विनामूल्य असतात आणि नवख्याला तिथे अनुभवी माणसाशेजारी बसून काम पाहता येते. डेफ कॉनमधली भाषणेही नंतर कोणालाही फुकट पाहायला मिळतात. लातूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुलगी ती पाहून एखादा जुना राउटर आपल्या टेबलावर उघडू शकते. तिच्या महाविद्यालयाने तिला तो राउटर आणि प्रयोगशाळेची किल्ली द्यावी.