राहुड घाटात पोर्श तापेल का?

चांदवडच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. पन्नास वर्षं जुन्या गाड्या आता परदेशातून आणता येतात, असं त्यांनी वाचलं. मग सत्तरच्या दशकातली पोर्श ९११ आणली, तर रेडिएटरच नसलेली ती गाडी आमच्या मे महिन्यात मालेगावकडून येताना राहुड घाट चढेल का, असा त्यांचा प्रश्न. खरोखर गाडी घ्यायचा बेत आहे की चहाच्या टपरीवर पैज लागली आहे, ते पत्रात नाही.

बातमी खरी आहे. आधी १९५० पूर्वी बनलेल्या गाड्यांनाच आयातीची मुभा होती. २०२५ मध्ये ती अट बदलून पन्नास वर्षांची झाली. नोंदणीचे नियम २०२१ पासून आहेतच. नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीचे वीस हजार, मुदत दहा वर्षं. रोज बाजारात कांदा-बटाटा आणायला ती गाडी काढता येणार नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. आयातकर किती, हे विचारू नका, जेवण जाणार नाही.

आता प्रश्नाकडे. गरम चहा बशीत का ओततात, हे आपल्याकडे शाळेआधी कळतं. कपातल्या चहाला हवा फक्त वरून भेटते, बशीत तोच चहा पसरतो आणि हवेशी त्याची गाठ कितीतरी जास्त जागेवर पडते. वर फुंकर घातली की तापलेली हवा हटून ताजी येते. वातशीत इंजिनाच्या सिलिंडरवरच्या पातळ पात्या, म्हणजे गॅरेजच्या भाषेत फिन्स, ही बशी. आणि पंखा ही फुंकर. जुन्या बजाज चेतकचा उजवा डबा उघडून पाहा. फ्लायव्हीलवरच पंख्याची पाती आहेत आणि त्यांची हवा इकडेतिकडे न जाता फिन्समधूनच जावी म्हणून वर काऊल बसवलेला. पोर्शमध्ये तत्त्व हेच, फक्त पंखा पट्ट्यावर फिरतो आणि पूर्ण वेगात सेकंदाला हजार लिटरहून जास्त हवा ढकलतो. एवढी लागतेच, कारण तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेतं.

म्हणजे चांदवडच्या उन्हात वातशीत गाडीचं काही खरं नाही? इथेच गंमत आहे. उष्णता किती वेगाने निघून जाईल हे तापलेला भाग आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. रेडिएटरमधलं पाणी ९० अंशांच्या आसपास असतं. हवा २० अंश असेल तर फरक ७० चा. हवा ४२ झाली की उरतो ४८. जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेली. वातशीत इंजिनाचं हेड मात्र २०० अंशांच्या घरात चालतं. तिथे फरक १८० वरून १५८ वर येतो, घट जेमतेम १२ टक्के. उन्हाळ्याचा फटका पाण्यावाल्या गाडीला जास्त बसतो! शिवाय उकळायला पाणी नाही, फुटायला होजपाइप नाही.

घाटाचंही तसंच. पंखा इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, गाडीच्या वेगावर नाही. म्हणून चढावर गाडी वरच्या गिअरमध्ये रेटत नेणारा माणूस इंजिन भाजतो. खालचा गिअर टाका, आवाज वाढू द्या, पंखा आपलं काम करतो.

हे गणित पोर्शच्या घराण्याला सुचलं, असं मोटारींची मासिकं सर्रास लिहितात. मला त्याचा राग येतो. हान्स लेडविंका हे नाव किती जणांनी ऐकलंय? हाही पोर्शसारखाच ऑस्ट्रियन, नोकरी चेकोस्लोव्हाकियातल्या टाट्रा कारखान्यात. (छपाईची चूक नाही; टाटांचा संबंध नाही.) १९२३ मध्ये त्याने टाट्रा ११ काढली: पाठीच्या कण्यासारखी मधोमध एकच नळी आणि पुढे दोन सिलिंडरचं वातशीत इंजिन. १९३४ मध्ये टाट्रा ७७ आली, तिच्या शेपटाकडे वातशीत व्ही-८. १९३६ ची टाट्रा ९७ तर मागे आडव्या चार सिलिंडरचं वातशीत इंजिन घेऊनच आली, आणि दोन वर्षांनी जर्मनीने पोर्शने आखलेली जी फोक्सवॅगन जगाला दाखवली तिच्याशेजारी ती उभी केली तर सख्ख्या बहिणी वाटतात. टाट्राने पेटंटसाठी भांडण काढलं. मग नाझी फौजा आल्या, भांडणही बंद आणि टाट्रा ९७ ही बंद. युद्धानंतर लेडविंकाला चेकोस्लोव्हाकियानेच शत्रूला साथ दिल्याच्या आरोपावरून काही वर्षं तुरुंगात टाकलं. फोक्सवॅगनने टाट्राच्या जुन्या मालकांशी पैसे देऊन तडजोड केली ती साठच्या दशकात, आणि १९६७ मध्ये लेडविंका म्युनिकला वारला. सगळं चोरलेलंच होतं, असंही मी म्हणणार नाही. मागे इंजिन आणि हवेवर थंडावा या कल्पना तेव्हा अनेकांच्या डोक्यात होत्या. पण नाव घ्यायचं तर त्याचंही घ्या.

आणि चांदवडकरांना तर त्याचं काम घरबसल्या दिसतं. देवळालीच्या तोफखाना विद्यालयामुळे आपल्या जिल्ह्याला लष्करी ताफे नवे नाहीत. पुण्याच्या एआरडीई प्रयोगशाळेने घडवलेलं पिनाक रॉकेट ज्या ट्रकवर चढवलं, तो टाट्रा. १९८६ पासून सरकारी बीईएमएलमार्फत हे ट्रक लष्करात आहेत. मधली तीच कण्याची नळी आणि वातशीत डिझेल इंजिन. राजस्थानच्या वाळवंटातही ते ट्रक रेडिएटरवाचून चालतात.

तेव्हा घाटाची काळजी सोडा. काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टीची. पन्नाशीच्या अटीमुळे आता ज्या पोर्श आवाक्यात येतात, त्यांत १९७४ पासूनच्या २.७ लिटर इंजिनाच्या गाड्या आहेत आणि उष्णतेने नेमक्या त्यांचाच घात केलेला आहे. त्यांचा क्रँककेस मॅग्नेशियमचा. सिलिंडर आणि हेड त्यावर लांब पोलादी स्टडनी आवळलेले. तापल्यावर मॅग्नेशियम पोलादाच्या दुप्पट फुगतं, अ‍ॅल्युमिनियमही जवळपास तितकंच. पोलाद मागे राहतं, स्टडवर ताण येतो आणि मऊ मॅग्नेशियममधले आटे हळूहळू उपटून येतात. त्यात कॅलिफोर्नियाच्या गाड्यांना १९७५ पासून धूर कमी करण्यासाठी थर्मल रिअ‍ॅक्टर लावले. ते इंजिनाखाली शेगडीसारखे तापायचे. १९७८ मध्ये क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमचा झाला आणि दुखणं बरंच ओसरलं.

‘वातशीत म्हणजे देखभाल शून्य’ हा विक्रेत्यांचा आवडता मंत्र. साफ खोटा. बरंचसं काम ऑइल करतं. या गाडीत ते दहा लिटरच्या आसपास लागतं आणि वेगळ्या टाकीत असतं. पातळी पाहायची तीही इंजिन गरम आणि चालू असताना, सपाट जागी. बंद इंजिनात दांडी बुडवून ‘कमी आहे’ म्हणत ओतत राहणारे भरपूर निघतात. दुसरं, फिन्स. मार्केट यार्डाच्या वाऱ्यात उडणारे कांद्याचे पापुद्रे पंखा आत ओढतो, गळक्या ऑइलवर ते चिकटतात, वर धूळ बसते आणि घोंगडी तयार होते. परवा एका गॅरेजमध्ये चेतकचा काऊल निघाला तेव्हा आतल्या फिन्स दिसतच नव्हत्या. मेकॅनिकने स्क्रू ड्रायव्हरने तो थर अख्खा सोलून काढला, आणि एका कोपऱ्यात कुंभारीण माशीचं मातीचं घरटंही निघालं. तिसरं, हल्लीचं इथेनॉलमिश्रित पेट्रोल. जुने रबरी पाइप त्याने सडतात, आणि आपोआप जुळवून घेणारे सेन्सर नसल्याने मिश्रणात हवेचं प्रमाण वाढून इंजिन जास्त तापतं. पाइप सगळे बदला, मिश्रणाचं प्रमाण तपासून घ्या, गाडीत अग्निशामक ठेवा.

बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना पोचा आणि पहिला सेल्फ तुमच्यासमोर मारायला सांगा. क्रँककेसला नवे आटे पाडून स्टड बसवल्याची पावती मागा. पावती नसेल तर अख्खं इंजिन खोलायचा खर्च किमतीत धरूनच बोलणी करा.