सह्याद्रीतील निवांत खोरी : कुकडीचे खोरे

जुन्नर शहराच्या पश्चिमेला कुकडी नदीचे खोरे सह्याद्रीच्या मुख्य धारेपर्यंत जाऊन भिडते. जुन्नर ते नाणेघाट हे अंतर सुमारे तीस किलोमीटरचे आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, कारण वाऱ्याने उलटा उडणारा नाणेघाटचा धबधबा सर्वांना पाहायचा असतो. वाटेतील ठिकाणांसमोर मात्र क्वचितच कोणी थांबते. वर्षाचा उरलेला बहुतेक काळ हे खोरे शांत असते. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या, भात, नागली आणि वरईची खाचरे, बाळहिरड्याच्या हंगामात अंगणात वाळत घातलेला हिरडा, असे येथील जीवन आहे.

खोरे समजून घेण्यासाठी एक गोष्ट आधी लक्षात ठेवावी लागते. येथील लेणी, किल्ले, मंदिर आणि घाट या सुट्या वस्तू नाहीत. सोपारा आणि कल्याण या बंदरांतून निघालेला माल नाणेघाटाने देशावर चढून, जुन्नरमार्गे पैठणकडे जात असे. खोऱ्यातील बहुतेक जुने बांधकाम या वाटेमुळे उभे राहिले. जुन्नरच्या लेण्यांमधील लेखांत यवन दात्यांची नावे आढळतात, तसेच धान्यव्यापारी, बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींचाही उल्लेख येतो. या वाटेवर पैसा कोणाच्या हातात खेळत होता, ते त्यावरून कळते.

शहरापासून पाच किलोमीटरच्या आत असलेली तुळजा लेणी या दृष्टीने पहिला मुक्काम ठरतात. लेण्याद्रीला गणपतीमुळे रोज गर्दी असते, तुळजा लेण्यांकडे कोणी फिरकत नाही. वास्तविक येथील चैत्यगृह पश्चिम भारतातील शैलगृहांमध्ये अगदी वेगळे आहे. नेहमीच्या लांबट, मागे अर्धवर्तुळाकार होणाऱ्या सभागृहाऐवजी येथे पूर्ण गोल दालन आहे. मध्यभागी स्तूप, त्याभोवती बारा साधे अष्टकोनी खांब आणि स्तूपाच्या वर घुमटाकार छत. खांबांवर नक्षी नाही, तरीही प्रमाणबद्धतेमुळे हे दालन मनात ठसते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील हे काम मानले जाते. जुन्नर परिसरात एकच लेणे पाहण्याइतका वेळ असेल, तर ते हेच असावे.

पुढे माणिकडोह धरण लागते. कुकडी प्रकल्पातील या धरणाच्या जलाशयाने आता खोऱ्याचा मोठा भाग व्यापला आहे. तालुक्यातील उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर वाढल्यामुळे वनखात्याने माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र उभारले. ते उपचारकेंद्र आहे, प्राणिसंग्रहालय नव्हे.

जलाशयाच्या उत्तरेला हडसर आणि दक्षिणेला चावंड हे किल्ले उभे आहेत. हडसरचे वैभव त्याच्या प्रवेशमार्गात आहे. कातळाच्या पोटातून कोरून काढलेला जिना वळत वळत एकामागून एक दोन दरवाजांतून वर नेतो. जिना, भिंती, दरवाजे सारे एकाच खडकातले. माथ्यावर कातळात खोदलेली कोठारे आणि महादेवाचे मंदिर आहे. सह्याद्रीत इतके देखणे कातळकोरीव प्रवेशद्वार थोड्याच गडांना लाभले आहे.

चावंडचा चढ अधिक छातीवर येणारा आहे. १८१८ च्या युद्धानंतर इंग्रजांनी येथील पायऱ्या उद्ध्वस्त केल्या, त्यामुळे मधला टप्पा आज लोखंडी कठड्याच्या आधाराने चढावा लागतो. वर ओळीने खोदलेली सात टाकी आहेत, त्यांना सप्तमातृकांच्या नावाने ओळखतात. निजामशाहीच्या वारसाहक्काच्या भांडणात बालवयाच्या बहादूर निजामशहाला याच गडावर कैदेत ठेवले होते. पुढे चांदबिबीने त्याला सोडवून गादीवर बसवले.

चावंडहून पश्चिमेला जाताना पूर या गावी कुकडेश्वराचे मंदिर आहे. कुकडीचा उगम येथे मानतात. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवमंदिरे बांधली, अशी परंपरा आहे. खिरेश्वरचे नागेश्वर आणि रतनवाडीचे अमृतेश्वर या मंदिरांबरोबर कुकडेश्वराचे नावही त्या यादीत घेतले जाते. शिखर शिल्लक राहिलेले नाही, पण भिंती, खांब आणि द्वारशाखा यांवरील कोरीव काम अजून टिकून आहे. हे मंदिर घाईत पाहू नये. सकाळच्या तिरप्या उन्हात शिल्पांचे उठाव स्पष्ट दिसतात.

खोऱ्याच्या टोकाला घाटघर गाव आणि त्याच्या डोक्यावर जीवधन आहे. शेजारचा वानरलिंगी सुळका सुमारे साडेतीनशे फुटांचा असून, प्रस्तरारोहकांना तो चांगला परिचित आहे. गडावर दगडी बांधणीचे कोठार आहे. निजामशाही बुडत असताना येथे असलेल्या मुर्तझा या राजवंशातील मुलाला शहाजीराजांनी ताब्यात घेऊन पेमगिरीवर गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने काही वर्षे राज्य चालवले.

घाटघरच्या पुढे नाणेघाट सुरू होतो. खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकली जात, असे परंपरा सांगते. खिंडीतून खाली उतरल्यावर लागणारे लेणे हे सबंध खोऱ्यातील सर्वांत मोलाचे ठिकाण होय. येथे सातवाहन राजकुळातील व्यक्तींचे पुतळे होते. आज पायांचे अवशेष उरले आहेत, पण वर कोरलेली नावे वाचता येतात : राजा सिमुक, देवी नायनिका आणि सातकर्णी, काही राजकुमार, एक महारठी. बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत दीर्घ लेख आहे. राणीने केलेले अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञ आणि त्यांत दिलेली दक्षिणा त्यात नोंदली आहे. गायी, घोडे, हत्ती, गावे, कार्षापणे यांची संख्या आकड्यांत दिल्यामुळे भारतीय अंकांच्या इतिहासात या लेखाला मोठे स्थान आहे. विल्यम साइक्स यांनी १८२८ मध्ये तो पाहिला आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचा सखोल अभ्यास केला.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ या खोऱ्यासाठी सर्वांत योग्य. पावसात धुक्यामुळे किल्ल्यांच्या वाटा धोक्याच्या होतात. सारी ठिकाणे एका दिवसात होत नाहीत. दोन दिवस काढावेत, वाड्यांमध्ये आधी सांगून जेवणाची सोय करावी आणि वाट दाखवायला गावातीलच माणूस बरोबर घ्यावा. नाणेघाटच्या भिंतीवरील अक्षरे दोन हजार वर्षांच्या ओलीने आधीच झिजली आहेत. ती नीट दिसावीत म्हणून त्यांवर खडू किंवा पाणी फिरवू नये, हाताने चोळूही नये.