रुग्णालयातली शिकाऊ उमेदवारी: फी भरायची नसते

'रुग्णसेवक व्हायचंय, कोर्सची फी किती?' हा प्रश्न दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींकडून नेहमी येतो. त्यात कोर्स आणि शिकाऊ उमेदवारी यांची गल्लत होते. कोर्सला आपण पैसे देतो. शिकाऊ उमेदवारीत, १९६१ च्या कायद्याप्रमाणे, रुग्णालय आपल्याला विद्यावेतन (शिकताना दरमहा मिळणारी रक्कम) देतं.

शिंप्याकडे नवा मुलगा आधी काज-बटण करतो, मग कापडाला कात्री लावतो. इथेही तसंच. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची चादर कशी बदलायची? त्याला हलकेच कुशीवर वळवायचं, जुनी चादर पाठीशी गुंडाळायची, नवी पसरायची आणि मग दुसऱ्या कुशीवर घ्यायचं. हे पुस्तकातून येत नाही, हाताला सवयच लागते.

जागा शोधायला केंद्र सरकारच्या 'अप्रेंटिसशिप इंडिया' पोर्टलवर नाव नोंदवावं आणि 'जनरल ड्यूटी असिस्टंट' (रुग्णांची दैनंदिन देखभाल करणारा मदतनीस) हे पद शोधावं. निवड झाल्यावर करार होतो. तो नोंदवलेला आहे ना, हे आवर्जून पाहा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच.

ही नोकरी मात्र नव्हे. मुदत संपल्यावर कामावर ठेवण्याचं बंधन, करारात तसं लिहिलेलं नसेल तर, रुग्णालयावर नसतं. आणि यातून परिचारिका होता येत नाही. तिचं शिक्षण आणि नोंदणी वेगळी. काम करताना इजा झाली तर भरपाईची तरतूद मात्र कायद्यात आहे.